खालची भिंत, शनिवार सकाळ

रप्स फेरी,
२४ सप्टेंबर १९८४

मर्ल,

ईस्टरच्या जेवणानंतर आर्लीनने आपल्या दोघांचा फोन बंद केला, त्याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरंच झालं. "तुम्ही दोघं फोनवर बोलता की गुरं हाकता?" म्हणाली. "यापुढे काय भांडायचं ते कागदावर भांडा. लिहिताना माणूस जरा तरी विचार करतो." माझी धाकटी बहीण, पण तुझ्याशी लग्न केल्यापासून तिचा आवाज चढलाय, त्याला मी काय करू? म्हणून लिहितोय. तू विचार करशील अशी आशा नाही. अक्षर तरी नीट काढ.

बातमी अशी की मी घर विकलं. जॉयस माझ्या मागे लागली होती ते तुला माहीतच आहे. शेवटी लेकीपुढे मान तुकवली. ऑक्टोबरच्या अखेरीला मी अ‍ॅरिझोनात, तिच्याकडे, कायमचा. तिथे थंडी नाही, चिखल नाही, दारातला बर्फ उपसायला नको. मजाच मजा.

जाण्याआधी मला एकच गोष्ट हवी आहे. ऑक्टोबरातला एक दिवस, नदीत, पाण्यातल्या त्या दगडी भिंतीपाशी. पाणी उतरलंय, तळाचा दगड न् दगड दिसतोय. डोंगर लाल व्हायला लागलाय. थंडी पडायच्या आत बास मासे नुसते हपापल्यासारखे खात सुटतात, ते दिवस आलेच. कंबरभर पाण्यात उभं राहून एकदा गळ टाकायचा, आणि मग जॉयस म्हणेल तिथे जाऊन बसायचं.

तुला यायचं असेल तर ये. नसेल तर मी एकटा जाईन. गेली दोन वर्षं एकटाच जातोय, काही अडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या माशाबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. तो माझ्या गळाला होता, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा होता, आणि तू त्याच्या जबड्यात अंगठा घालायला हात पुढे केलास आणि तो गेला. हे मी काढणार नाही. तुझ्या बैठकीतल्या भिंतीवर पेंढा भरून टांगलेल्या माशापेक्षा तो मोठा भरला असता, हेही काढणार नाही.

क्लेअर

•

लुइसटाउन,
२८ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

घर विकलंस, आणि ते मला असं सांगतोस, जसं कोणी जुनी खुर्ची काढून टाकली! आर्लीन पत्र वाचून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. त्या दिवशी आमच्याकडे अ‍ॅपल-पाय होता, त्यात कांदा नसतो.

आता माशाबद्दल. तू काढणार नाहीस म्हणालास आणि अर्धं पान काढलंस. ऐक. तू दोर सैल सोडलास. बास उडी मारतो तेव्हा दोर ताणून धरायचा, हे माझ्या म्हाताऱ्या आईलासुद्धा माहीत होतं, आणि तिने जन्मात कधी गळ हातात धरला नव्हता. मी हात पुढे केला तो तुझ्या मदतीला. छोट्या तोंडाचा बास म्हणतात त्याला, पण तोंड छोटं म्हणून अक्कल छोटी नसते. त्याने बरोबर ओळखलं की काठीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे.

आणि एकटा जातोस म्हणून मला दाखवू नकोस. मीही जातो. दर आठवड्याला जातो. परवाच एकेक हात लांबीचे चार काढले. कुठे ते विचारू नकोस. बरं, सांगतो, रेल्वेच्या पुलाखाली.

येईन मी. कधी आणि कुठे ते कळव.

मर्ल

दादा, आता मी, आर्लीन. लिफाफा चिकटवायला हे माझ्याकडेच देतात, तेच विसरतात. दोन वर्षांत हे नदीवर एकदाही गेलेले नाहीत. छातीपर्यंतची ती रबरी विजार तळघरात टांगली आहे, तिच्या डाव्या पायात उंदरीण व्यायली होती. "एकट्याला काय मजा" म्हणतात. खरं कारण गुडघे. भिंतीपर्यंत जायचं तर मधली ती वेगाची धार ओलांडावी लागते, आणि ती तुम्ही कायम एकमेकांच्या हातात हात अडकवून ओलांडत आलात. एकट्याने जमत नाही, हे यांनाही कळतं आणि मला वाटतं तुलाही.

दुसरं. तुला खरंच जायचंय का अ‍ॅरिझोनाला? मला खरं सांग. — आर्लीन

•

रप्स फेरी,
२ ऑक्टोबर

मर्ल,

रेल्वेच्या पुलाखाली या वर्षी घोटाभर पाणी आहे. तिथे तू हातभर लांबीचे चार बास काढलेस, म्हणजे ते चालत आले असणार.

असो. ठरवू या. शनिवार, १३ तारीख. सूर्य डोंगरावर आला की खालच्या भिंतीपाशी. वरच्या नव्हे, खालच्या. जुन्या लोकांनी वाम धरायला नदीत दगड रचून ज्या भिंती घातल्या, त्यांतली आता हीच एक धड उरली आहे. वरचीचे दगड मार्चच्या पुराने विस्कटलेत. खालचीच्या टोकाशी मात्र खोल डोह पडलाय. तिथे सावलीत बास असे उभे असतात की मला बघून बाजूला सरकायचेही कष्ट घेत नाहीत. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुला सांगतोय, कारण चार आठवड्यांनी मला तिचा काही उपयोग नाही.

जेवणाचं आर्लीनला सांग. बीटच्या पाण्यात मुरवलेली अंडी तिच्यासारखी कोणाची होत नाहीत. कॉफी मी आणतो.

आर्लीनला हेही सांग की हवा छान आहे. सकाळी धुकं असतं, पण दहापर्यंत विरतं.

क्लेअर

•

लुइसटाउन,
६ ऑक्टोबर

मेहुणेबुवा,

खालची भिंत म्हणतोस ना? बरं बरं. कळलं मला. शनिवारी हजर असेन.

अंडी उकडून बीटमध्ये टाकली आहेत. रबरी विजार धुतली. उंदरांच्या भोकांना सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावलीत, नवीपेक्षा मजबूत झाली. बुटांच्या तळांना नवा जाड लोकरीचा नमदा चिकटवला, आता शेवाळावरून घसरायची बात नाही. माझी नारिंगी टोपी घालून येईन, म्हणजे तुला लांबून दिसेन. तुझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत.

मर्ल

दादा, मी तुला हवेबद्दल विचारलं नव्हतं. — आर्लीन

•

रप्स फेरी,
१५ ऑक्टोबर

मर्ल बॅरिक,

फोनवर परवा आर्लीनशी बोलणं झालं, पण ते शेरीफच्या माणसासमोर. त्यामुळे मला जे म्हणायचं होतं ते म्हणता आलं नाही. ते आता म्हणतो. नीट बस आणि वाच.

शनिवारी उजाडताच मी खालच्या भिंतीसमोर काठावर जाऊन बसलो. धुकं विरलं. सूर्य डोंगरावर आला. तू नाहीस. कॉफी निम्मी संपली, तू नाहीस. आख्खी नदी रिकामी, माझ्यासमोर, पानं वाहतायत, आणि भिंतीच्या टोकाशी बास एकामागून एक पाणी फोडतायत. मला आवाज ऐकू येतोय! आणि मी काठावर, कारण मधली धार. होय, मला एकट्याने ती जमत नाही. लिहून टाकलं, आता काय. गेली दोन वर्षं मी काठावर बसून गळ टाकतोय आणि झाडांची पानं काढतोय.

मी तुला मनातल्या मनात जे म्हणत होतो ते आर्लीन हे पत्र वाचणार म्हणून लिहीत नाही.

आणि मग, लाल-पिवळ्या पानांच्या घोळक्यात, प्रवाहाबरोबर गिरक्या घेत, तुझी नारिंगी टोपी आली.

मर्ल, पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. बोलण्यातली नव्हे, खरीच सरकली, कारण मी टोपी पकडायला पाण्यात धावलो आणि दोन्ही पाय वर करून बसलो. गळ्यापर्यंत. पाणी कसलं थंड! टोपी हाती लागली. आत सुईने शिवलेलं "म. बॅ.", आर्लीनच्या हातचं. तू वर कुठेतरी पडलास आणि टोपी तेवढी खाली आली, एवढं एकच डोक्यात राहिलं.

मग मी काठालगतच्या रेल्वेच्या रुळांवरून वर धावलो. माझं वय तुला माहीत आहे. अंगावर रबरी विजार, तिच्यात अर्धी नदी भरलेली, प्रत्येक पावलाला डुचुक डुचुक. समोरून मालगाडी आली. इंजिनवाल्याने मला बघून शिट्टी दिली ती डोंगराच्या पलीकडे गेली असेल. मी चाळीस वर्षं याच लाइनीवर सिग्नल दिलेत, पण हा असा कधी कोणाला दिला नव्हता. मी हात हलवत "माणूस बुडाला! माणूस बुडाला!" ओरडत होतो. त्याने परत हात हलवला.

वरच्या भिंतीपाशी पोचलो तर चिखलात तुझ्या बुटांचे ठसे. पाण्यात उतरलेले. बाहेर आलेले नाहीत. निदान मला दिसले नाहीत. मी डोळे पुसत होतो.

त्यानंतर काय झालं ते तू आता पंचक्रोशीत कोणालाही विचार. जवळच्या शेतावरच्या एका बाईने फोन केला. भोंगा वाजला. गावच्या अग्निशमन पथकाची सगळी मंडळी आली, सगळी म्हणजे सगळी, शनिवार होता ना. दोन होड्या, दोर, आकडे. चर्चच्या बायकांनी काठावर टेबल मांडून कॉफी आणि चार प्रकारचे फ्रूट-पाय आणले. पाद्री आले. त्यांनी मला घोंगडी पांघरली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या मेव्हण्याबद्दल दोन शब्द सांगा." मी सांगितले, मर्ल. चांगले सांगितले. तू अडवायला नव्हतास म्हणून बरंच काही सांगून गेलो. आयुष्यभर तुला ऐकवलं नाही ते सगळं त्या अनोळखी माणसाला सांगितलं. शेवटी दोन बायका रडायला लागल्या.

मग पाद्री म्हणाले, आता हे तुमच्या बहिणीला हळुवारपणे कळवायला हवं. ते शेतावर जाऊन फोन करून आले. आले तेव्हा चेहरा विचित्र. म्हणाले, "मिसेस बॅरिक म्हणतात, मिस्टर बॅरिक घरी बाथटबमध्ये आहेत आणि गाणं म्हणतायत."

तू गाणं म्हणत होतास.

आणि कळस ऐक. पथकाचा प्रमुख एलवुड स्ट्राउप होडी घेऊन तुझं प्रेत शोधत खालच्या भिंतीच्या टोकापर्यंत गेला. तिथे त्याने डोहात वाकून पाहिलं. परत आला तो जोरजोरात वल्ही मारतच. मला वाटलं, सापडलास. तो म्हणाला, "क्लेअर, अरे बाप रे, तिथे केवढे बास आहेत!" काल रविवारी चर्च सुटल्यावर आख्खं अग्निशमन पथक गळ घेऊन तिथे उभं होतं.

माझा दिवस गेला. माझी जागा गेली. सांगितल्या जागी तू का आला नाहीस, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. टोपी पोस्टाने पाठवतो.

क्लेअर हेलर

•

लुइसटाउन,
१८ ऑक्टोबर

क्लेअर,

मी आलो होतो! उजाडायच्या आधी आलो होतो! मी वरच्या भिंतीपाशी उभा होतो!

आता तू म्हणशील, वरच्या का? अरे, चाळीस वर्षं झाली मी तुला ओळखतो. चाळीस वर्षांत तू कोणाला मासे कुठे लागले ते एकदा तरी खरं सांगितलंयस? तुझ्या लग्नाच्या दिवशी माझ्या वडिलांनी विचारलं, काल कुठे गेला होतास, तर तू म्हणालास तळ्यावर, आणि बुटांना नदीची रेती. आमच्या नदीवर असा नियमच आहे की. वर म्हटलं की खाली, पूल म्हटलं की वळण. मी तुला रेल्वेचा पूल लिहिला तेव्हा तू विश्वास ठेवलास का? नाही ना? मग तू "खालच्या भिंतीपाशी, वरच्या नव्हे, खालच्या" असं दोनदा ठासून लिहिलंस, वरची भिंत पुराने विस्कटली म्हणून पदरचं घातलंस, तेव्हा मी काय समजायचं? मी मनात म्हटलं, वा, क्लेअर, काय थाप रचलीस! कोणी पत्र फोडलं तरी चुकीच्या जागी जाईल. आणि खुशीत वर गेलो.

तू खरं लिहिशील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुझी चूक आहे ही. सांगायचं तरी, की मी खरं सांगतोय. सांगितलं असतंस तरी मी विश्वास ठेवला नसता, ते वेगळं.

तिथे मी तुझी वाट बघत बसलो. माझ्या मनात तुझ्याबद्दल जे येत होतं तेही लिहिण्यासारखं नाही. वाटलं, त्या माशाचा सूड उगवला याने. मला अंडी घेऊन बोलावलं आणि स्वतः घरी झोपला. शेवटी म्हटलं, जातो एकटाच. टोपीबद्दल म्हणशील तर ती वाऱ्याने उडाली.

मर्ल

वारा यांना गळ्यापर्यंत ओलं करून गेला, दादा. धारेत तिसऱ्या पावलाला आडवे झाले, आणि प्रवाहाने यांना जरा खाली नेऊन काठाच्या झुडपात आणून सोडलं. म्हणून तुला बाहेर आलेले ठसे दिसले नाहीत. दात वाजवत घरी आले. मीच गरम पाण्यात बसवलं. गाणं म्हणत नव्हते, कण्हत होते. मी पाद्रींना काय सांगणार?

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं. मग मागे जाऊन लाकडं फोडायला लागले. ती सगळी आधीच फोडलेली होती. — आर्लीन

•

लुइसटाउन,
२० ऑक्टोबर

दादा,

हे पत्र माझं एकटीचं. हे बाहेर आहेत.

तुम्ही दोघांनी पुन्हा पत्रापत्री करून दिवस ठरवलात तर एक जण ओहायोला पोचेल. म्हणून मी ठरवलंय. बुधवारी मी स्वतः गाडी चालवत यांना आणणार, तुझ्या दारात उतरवणार, आणि दोघांना खालच्या भिंतीपाशी सोडणार. बुधवारी अग्निशमन पथकाची माणसं कामावर असतात, मी चौकशी केली. मी गाडीत बसून विणकाम करीन. नदीकडे बघणारही नाही, तुमची भांडणं बघायला मला घरी मिळतात.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. माडीवरची मागची खोली रिकामी आहे. हे तुला मी म्हणतेय असं समजू नकोस. काल यांनीच तिथली आपली सगळी अडगळ खाली काढली. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "धूळ फार झाली होती."

तुझी आर्लीन

•

रप्स फेरी,
२५ ऑक्टोबर

आर्लीन,

काल रात्री मर्लने तुला त्याची हकिकत सांगितलीच असेल. ती विसर. खरी ही.

तू गाडीत विणत होतीस तेव्हा काठावर पहिलं भांडण झालं ते धारेच्या अंगाला कोणी राहायचं यावरून. हातात हात अडकवून ओलांडताना वरच्या बाजूचा माणूस पाण्याचा मार अंगावर घेतो. ती जागा थोरल्याची, म्हणजे कायम माझी. मर्ल म्हणाला, "आज मी." मी म्हटलं, "तू परवा तिसऱ्या पावलाला झोपलास." तो म्हणाला, "आणि तू गुडघाभर पाण्यात बसलास!" असं बराच वेळ. शेवटी तो माझ्या वरच्या अंगाला येऊन उभा राहिला आणि कोपर पुढे केलं. मी धरलं. तुझ्या नवऱ्याचं कोपर अजून पक्कं आहे, हे त्याला सांगू नकोस.

निघालो. एक पाऊल त्याचं, मग माझं. "तो गुळगुळीत दगड, गाढवा, त्याच्या डावीकडून!" "मला दिसतोय, तू तुझं बघ!" पाणी विजारीवर धडकतंय, पानं येऊन पोटाला चिकटतायत. ऐन मध्यावर मी एका हाताने गळ भिंतीच्या टोकाकडे टाकला. कशाला टाकला? आर्लीन, माझ्याने राहवलं नाही. दोन वर्षं वाट बघितली होती.

आणि ओढलं त्याने.

आता बघ. माझ्या उजव्या हातात काठी, डावा हात मर्लच्या कोपरात. रीळ फिरवायचं तर हात सोडायला हवा. हात सोडला तर दोघंही वाहत खाली थेट हॅरिसबर्गला. बास पाण्याबाहेर आला, आडवा झाला, शेपूट झाडली. मर्ल किंचाळला, "दोर ताण!" मी म्हटलं, "कशाने ताणू, दाताने?" तेव्हा मर्लने आपली काठी सरळ नदीत सोडून दिली, ती त्याच्या वडिलांची काठी, आणि मोकळ्या हाताने माझं रीळ फिरवायला लागला. मी काठी धरलेली, तो रीळ फिरवतोय, दोघं एकमेकांना धरून गोल फिरतोय. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणाले असते, म्हातारे नाचतायत. मासा आला तो आमच्या दोन पोटांच्या मध्ये. मर्लने त्याच्या जबड्यात अंगठा घातला. या वेळी धरून ठेवला.

केवढा होता विचारशील. तुझ्या बैठकीतल्यापेक्षा मोठा. हे मर्लही कबूल करतो. आता कोणाचा, हा प्रश्न आहे. गळ माझा, काठी माझी, टाकला मी. तो म्हणतो, रीळ मी फिरवलं आणि धरला मी, तू फक्त खांब होतास. मोजायला दोन हात मोकळे हवेत, ते नव्हते. म्हणून नुसतं बघितलं. कांस्यासारखा रंग, लाल डोळा, आमच्याकडे असा बघत होता जणू आमचं भांडण त्याला रोजचंच. मग मर्लने अंगठा काढला. गेला.

भिंतीपाशी पोचलो आणि संध्याकाळपर्यंत उभे राहिलो. अंडी छान झाली होती.

आता तुझा प्रश्न. नाही, आर्लीन. मला जायचं नाही. अजिबात जायचं नाही. तुमची ती माडीवरची खोली मला हवीहवीशी वाटली, आणि मर्लने अडगळ काढली हे वाचून मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पण इथे पाऊस पडला की मी नदीवर असेन या धास्तीने जॉयस तिकडे जागी राहते. नदीची पातळी विचारायला ती शेजाऱ्यांना फोन करते, मला नाही, कारण मी खोटं सांगतो. तिची आई, डोरिस, गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मी तिच्याकडे गेलो तरच तिला झोप लागेल. परवाच्या होड्या आणि आकडे तिला कोणीतरी सांगितलेच. फोनवर ती नुसती रडली. तेव्हा मी जातो.

मर्लला यातलं तुला वाटेल तेवढं सांग.

तुझा दादा

•

मेसा, अ‍ॅरिझोना,
४ नोव्हेंबर

मर्ल,

पोचलो. इथे मोठा पूल आहे, त्यावर नदीच्या नावाची पाटी आहे, आणि पुलाखाली वाळू. काल तिच्यातून एक माणूस कुत्रा घेऊन फिरायला गेला. मी जॉयसला विचारलं, पाणी कुठाय, तर म्हणाली, "बाबा, इथे नदी अशीच असते." सगळे जण माझ्याशी फार चांगले वागतात. जॉयस आता रात्री झोपते.

तो मासा माझाच होता.

क्लेअर

•

लुइसटाउन,
१२ नोव्हेंबर

क्लेअर,

तुझं कार्ड मिळालं. मासा माझा होता. पुढे.

गेल्या शनिवारी एलवुड स्ट्राउप दारात आला. म्हणाला, "मिस्टर बॅरिक, थंडी पडायच्या आत शेवटचं एकदा जाऊन येऊ या, मी तुम्हाला हात देतो." आर्लीन म्हणाली, जा. मी म्हटलं, चला. माणूस चांगला आहे. माझं प्रेत शोधायला त्याने आपला शनिवार घालवला, तेवढं मी त्याचं देणं लागतो.

तर गेलो. एलवुड धारेच्या अंगाला राहिला, विचारायचीही गरज पडली नाही. दंड कसला आहे त्याचा! मला जवळजवळ उचलूनच नेलं. एकदाही पाय घसरला नाही. मध्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, काहीतरी बोल." तो म्हणाला, "काय बोलू, मिस्टर बॅरिक?" मी म्हटलं, "तो दगड गुळगुळीत आहे, असं काहीतरी." तो म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका, मी आहे." पलीकडे पोचेपर्यंत मला कोणी एकदाही गाढव म्हटलं नाही.

भिंतीपाशी गळ टाकला. पहिल्याच फेकीला एक लागला. मग दुसरा, आणि हा खरंच दांडगा. दोर मी मुद्दाम जरा सैल सोडला, बघू काय म्हणतो. एलवुड म्हणाला, "वा, मिस्टर बॅरिक, सुंदर!"

तो मासा मी काढला, बघितला, सोडला. मग म्हटलं, चल घरी. एलवुड म्हणाला, आत्ता कुठे आलोय. मी म्हटलं, पाय गारठले. पाय ठणठणीत होते.

घरी आलो. आर्लीनने विचारलं, "लागले का?" मी म्हटलं, "दोन. चांगले." ती म्हणाली, "मग तोंड असं का पाडलंय? काय हवंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला क्लेअर हवाय."

मर्ल